वाटलं म्हणजे दिसलं काय?

आमच्या एम.ए.च्या वर्गात आम्ही चौघंच. चौघांत किती किस्से होणार, असं कुणालाही वाटेल. पण ज्या विषयात शिकवणारा आणि शिकणारा दोघंही गोंधळलेले असतात, तिथे किस्से गादीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साचतात. उपयोग काही नसतो आणि फेकवतही नाहीत.

विषय होता 'साहित्य आणि चित्रपट'. मी, अकोले तालुक्यातला किसन आणि सावेडीचा रूबेन, तिघांनी तो घेतला फुकट सिनेमे बघायला मिळतील म्हणून. चौथी मनीषा. ती खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरची, इथे नगरला हॉस्टेलवर राहायची. तू का घेतलास असं विचारलं तर म्हणाली, "मला गोष्टी वाचायला आवडतात." साहित्याच्या वर्गात असं कारण आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

*

पहिल्याच महिन्यात किसन भातलावणीला गावी गेला. गुडघाभर चिखलात उभं राहून वडिलांनी विचारलं, नगरला नेमकं शिकतोस काय? किसनने सांगितलं, एक गोष्ट वाचायची, मग तिच्यावरचा सिनेमा बघायचा आणि सिनेमात काय गाळलं ते लिहायचं.

वडिलांनी दोन ओळी लावल्या आणि म्हणाले, "मंग ज्यानं गाळलं, त्यालाच का न्हाई इचारत?"

किसनने परत आल्यावर हेच वर्गात विचारलं. मॅडम इतक्या खूश झाल्या की या प्रश्नावर प्रत्येकाने दहा पानं लिहायची, असं सांगून टाकलं. त्या दिवसापासून किसनने गावाकडची कुठलीही गोष्ट वर्गात सांगितली नाही.

*

मग एकदा खरोखरच सिनेमा दाखवला. पण हॉलचे पडदे गॅदरिंगच्या आधी धुवायला गेले होते ते परत आलेच नव्हते. दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर. दोन तास आम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघत संवाद ऐकले. कोण कुणाचा नवरा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ट्यूटोरियलला प्रश्न आला, 'या चित्रपटातील रंगांचा वापर.' मी प्रामाणिकपणे लिहिलं, काही दिसलं नाही. रूबेनने चार पानं लिहिली की दिग्दर्शकाने पांढऱ्या रंगातून एकाकीपण उभं केलंय. त्याला वर्गात सर्वात जास्त मार्क! मला शेरा मिळाला, 'पुन्हा पाहा.'

*

खरी पंचाईत झाली प्रोजेक्टला. मॅडमनी एका जुन्या गोष्टीची झेरॉक्स दिली. झेरॉक्सवाल्याने वरची ओळ कापलेली, त्यामुळे लेखक कोण ते आजही माहीत नाही. गोष्ट तीन पानांची. एक बाप मुलीला शिकायला पाठवायला स्टँडवर येतो, गाडीत बसवतो, गाडी जाते, संपलं. शेवटी एकच वाक्य: 'बापाला वाटलं, पोरीला थांबवून घ्यावं, पण तो बोलला नाही.' यावर पाच मिनिटांची फिल्म करायची. विषयाचे अर्धे मार्क तिलाच.

आता तो बोललाच नाही, तर दाखवायचं काय? रूबेन म्हणाला, वीज कडाडते. किसन म्हणाला, बापाला खोकल्याची उबळ येते. मी म्हणालो, वर आकाशात पतंग कटतो. मॅडमचा तिघांनाही एकच प्रश्न, "ते सगळं ठीक. पण वाटलं म्हणजे दिसलं काय?"

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं. किसनने कॅन्टीनमध्ये चहा प्यावासा वाटतोय असं म्हटलं की रूबेन विचारायचा, दिसलं काय? मनीषा मात्र हसायची नाही. ती ती झेरॉक्स परत परत वाचायची.

*

मुलगी मनीषाच होणार हे ठरलेलं, कारण दुसरी मुलगीच नव्हती. बाप म्हणून रूबेनने त्याच्या काकांना स्टँडवर आणलं. काका चर्चच्या नाताळच्या नाटकात वीस वर्षं हेरोद राजा होतात, लहान बाळं मारायचा हुकूम देणारा. त्यांना सांगितलं, काका, काही बोलायचं नाही, फक्त मुलीकडे बघायचं.

काकांनी बघितलं. भुवया वर, नाकपुड्या फुगलेल्या. दोन मिनिटांत बाकावरची एक आजी उठली, मनीषाजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाळा, हा मानूस तुला तरास देतोय का?"

आमची फिल्म तिथेच थांबली. काका महिनाभर रूबेनशी बोलले नाहीत.

*

दिवाळी झाली. मनीषाच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. एक दिवस तिने वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं की गुरुवारी वडील न्यायला येणार आहेत. आईवडील कारखान्यावर निघाले, आजीचा पाय मोडलाय, धाकटा भाऊ शाळेत. घरी कुणीतरी हवं. म्हणजे परीक्षा नाही आणि वर्षही गेलं.

मला वाईट वाटलं. पण पहिलं वाईट वाटलं ते आता फिल्मचं काय होणार याचं, ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

गुरुवारी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. मॅडमसुद्धा आल्या. मनीषाचे वडील बारीक अंगाचे, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. मॅडमनी त्यांना बरंच समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं समदं खरं हाय, बाई," ते म्हणाले. "पर म्हातारीला उचलून बसवायचं कुनी?"



खर्ड्याच्या गाडीला तासभर होता. रूबेनला लाज हा प्रकार माहीत नाही. तो म्हणाला, काका, आजचा शेवटचा दिवस आहे, पाच मिनिटं फिल्ममध्ये उभे राहाल का? मुलगी शिकायला निघालीय, तिला गाडीत बसवायचं. तिला थांबवावं असं मनात येतं, पण बोलायचं नाही.

"बोलायचं न्हाई ना?" वडील म्हणाले. "मंग जमंल."

पुण्याची गाडी लागली. रूबेनने मोबाईल धरला. वडिलांनी मनीषाची बॅग खांद्यावर घेतली आणि दारापर्यंत गेले. ती चढली. तिने बॅगेसाठी हात खाली केला, पण त्यांनी बॅग दिलीच नाही. एक हात दाराच्या दांडीवर ठेवून ते खाली उभ्या कंडक्टरला म्हणाले, "पुढची कितीला हाय?"

कंडक्टरला फिल्मचं काय माहीत. तो म्हणाला, "साडेपाचला."

रूबेन कट म्हणायचं विसरला. मॅडम चष्मा पुसत राहिल्या. किसन तेवढा झेरॉक्स चाळत पुटपुटला, "हे गोष्टीत कुठंय?" मनीषा खाली उतरली. वडिलांनी मला विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. नेमकं काय झालं होतं, ते मला कळलं नव्हतं.

मग खर्ड्याची गाडी आली. रूबेनने मोबाईल खिशात टाकला. मनीषाने आमच्या तिघांकडे न बघता बॅग उचलली आणि वडिलांच्या मागोमाग दाराशी गेली. तिने पायरीवर पाय ठेवला तेव्हा वडील वळले, तिच्या हातातली बॅग घेतली, परत आले आणि मॅडमच्या पायाशी ठेवली. मग पायरीशी उभ्या तिच्या बाजूने वाट काढून गाडीत चढले.

दारातल्या कंडक्टरने मशीन पुढे केलं. "खर्डा? तुमचं फुल, पोरीचं हाफ?"

"न्हाई," ते म्हणाले. "येकच फुल."