आईचा रविवार

"घरात शिकलेलं कोण आहे?" डॉक्टरांनी रिपोर्ट बघत विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. पप्पा गवंडी आहेत, आई लोकांच्या शेतात मजुरीला जायची. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरात मी पहिलीच. मी तेव्हा जालन्याला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पुढचं सगळं मलाच सांगितलं. आई शेजारीच स्टुलावर बसलेली होती.

"क्रिएटिनिन फार वाढलंय. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसतात. डायलिसिस सुरू करावं लागेल, आठवड्यातून दोनदा."

किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कायमच."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हनले गं?" मी अर्धंच सांगितलं. उरलेलं तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

हे लिहिताना मला जरा संकोच वाटतो. मी लेखिका नाही. पण ज्यांच्या घरी आत्ता असाच एखादा रिपोर्ट आला असेल, त्यांना आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

क्रिएटिनिन म्हणजे शरीराच्या कामातून रक्तात उतरणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो वाढला की समजायचं, गाळणी बंद पडत चालली आहे. आईचा आजार सीकेडी, म्हणजे क्रॉनिक किडनी डिसीज होता. तो वर्षानुवर्षं आत वाढत जातो आणि मागे फिरत नाही. खुणा होत्या, पण त्या आम्हाला वाचता आल्या नाहीत. सकाळी तिचा चेहरा सुजलेला असायचा, ती म्हणायची झोप झाली नाही. फोडणीच्या वासाने उमासे यायचे, अंगाला खाज सुटायची. गुडघे दुखतात म्हणून ती कित्येक वर्षं दुकानातून गोळ्या आणून खात होती आणि बीपी कधीच तपासलेलं नव्हतं. तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या खात असेल, तर कृपा करून एकदा रक्त आणि बीपी तपासून घ्या.

डायलिसिसमध्ये अंगातलं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, तिथे गाळलं जातं आणि परत अंगात येतं. चार तास पडून राहावं लागतं. सुरुवातीला आईच्या गळ्याजवळ कॅथेटर, म्हणजे जाड नळी बसवली. मग डाव्या हाताला फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर जोडण्याचं छोटं ऑपरेशन, सुया टोचायला शीर मोठी व्हावी म्हणून. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवायची. आई म्हणायची, "मांजर बसलंय गुरगुरत."

अडचण आली ती वाराची. जालन्याच्या डायलिसिस सेंटरमध्ये सगळ्या पाळ्या भरलेल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, बुधवार आणि रविवार, दोन्ही सकाळच्या, एवढंच रिकामं आहे. पप्पा लगेच हो म्हणाले.

"रविवारी न्हाई," आई म्हणाली.

आम्ही ख्रिस्ती. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या पुढे आहे, आणि तिथली आमची मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं आणि पत्र्याचं एक चर्च. आई रविवारी कधीच कामाला गेली नाही. कापूस फुटून लोंबायला लागला की सगळं गाव रानात असायचं. शेतमालक दारात येऊन म्हणायचा, "मार्थाबाई, तुझा देव येनार हाय का वेचायला?" ती हसायची, आणि जायची नाही. चर्चमधल्या प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीला, नेसायची पांढरी साडी इतर बायका महिन्यातून एकदा काढत, ती दर रविवारी नेसायची.

माझ्यासाठी मात्र रविवार म्हणजे मनाई होती. अभ्यास शनिवारीच उरकायचा. रविवारच्या जादा तासाला बसायचं नाही. मी विश्वासात वाढले, देव नाही असं मला कधी वाटलं नाही. पण तो मला हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखा वाटायचा. आज्ञा पाळायच्या त्या छडी नको म्हणून.

त्यामुळे आई नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही पापाला भितेय. पप्पांनी समजावलं. डॉक्टर स्पष्ट बोलले, "एकदा करून भागणार नाही, बाई. अंगात पाणी साचेल." ती मान हलवायची आणि फक्त बुधवारी यायची. दुसरा वार रिकामा झाला की सांगा, असं सिस्टरना सांगून ठेवलं होतं. वार रिकामा होणं म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. एका सोमवारी तिला आडवंच होता येईना. पाठीला उशा लावून बसवलं तरी श्वास पुरेना, ओठ निळे पडत चालले. पप्पांनी शेजाऱ्याची जीप केली. घनसावंगी, अंबड, जालना, सगळ्या वाटेने ती खिडकीला तोंड लावून बसली होती असं पप्पांनी नंतर सांगितलं. मी हॉस्टेलवरून धावत पोचले. पल्मनरी इडिमा, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलं होतं. लागोपाठ दोन दिवस डायलिसिस केलं, तेव्हा ती वाचली.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब मोटारसायकलवर एवढ्या लांब भेटायला आले. कॉटशेजारी बसून प्रार्थना केली आणि मग हळूच म्हणाले की प्रभूने स्वतः विसाव्याच्याच दिवशी आजारी माणसं बरी केली, तुम्ही रविवारी उपचार घेतलेत म्हणून कुणी तुम्हाला दोष देणार नाही.

आईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "मला ठावं हाय साहेब. पाप लागंल म्हनून न्हाई म्हनले मी."

"मग कशासाठी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. एक नियम माझ्या आईला मारत होता आणि ती त्याचीच बाजू घेत होती, असं मला वाटत होतं.

ती दम घेत घेत बोलली. "करुणे, लहानपनापासून मला सगळे कामच सांगत आलेत. ऊठ, वाक, वेच, चल. एक रविवार असा हाय, देव म्हनतो बस. माझ्याजवळ बस. तुला वाटतं मी पाळते. मी पाळत न्हाई गं बाई, मी सोमवारपासून वाट बघते."

पाळकसाहेब खाली बघत राहिले. मी एवढी शिकले, पण आपल्या आईला कशात आनंद आहे हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तिला हट्ट सोड म्हणायचं धैर्य मग माझ्यात उरलं नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी तीच म्हणाली, "येते मी रविवारी. तुझा बाप जीपमधी रडत व्हता. मी कधी बघितलं न्हवतं त्याला असं."

पुढच्या रविवारी पप्पांबरोबर ती बसमधून उतरली ती पांढरी साडी नेसून. तसं ठरलंच, बुधवारी पप्पा तिच्याजवळ थांबणार, रविवारी मी.

शेजारच्या कॉटवर पिंपळगाव रेणुकाईच्या एक काकू असायच्या, भोकरदनकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. मुलगा गाडीने सोडायचा आणि जायचा. त्यांनी आईला वरून खालपर्यंत बघितलं.

"लगीन हाय का गं कुनाचं?"

"रविवार हाय, आक्का."

"असं होय. माझा मंगळवार बंद केला डॉक्टरनं, उपास करायचा न्हाई म्हनला. तुझा रविवार गेला, माझा मंगळवार गेला. दोघी बी बिनकामाच्या झालो आपन." आई हसली, तर मशीनचा अलार्म वाजला. सिस्टर रागावल्या, हात हलवू नका म्हणून.

त्या दिवशी सुई काढताना साडीवर रक्त पडलं. मी थंड पाण्याने धुतलं, पण फिकट डाग राहिला. आईने तो भाग निऱ्यांत दुमडून घेतला.

पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण या आजारात ते सगळ्यात अवघड आहे. लघवी होत नाही, म्हणून प्यालेलं सगळं अंगातच राहतं. आईला दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर पाणी होतं, आणि उन्हाळा आमच्याकडचा. ती सकाळी बाटली भरून घ्यायची आणि दिवसभर तेवढ्यातच भागवायची. तोंड फारच कोरडं पडलं तर चूळ भरून टाकायची. महिन्याच्या पहिल्या बुधवारी पाळकसाहेब संध्याकाळी घरी प्रभूभोजन घेऊन यायचे. अंगठ्याएवढा द्राक्षरसाचा प्याला. तो घ्यायच्या आधी ती तेवढं पाणी बाटलीतून दारातल्या झाडाला घालायची. पप्पा म्हणायचे, एवढ्याशाने काय होतंय? ती म्हणायची, "डॉक्टरचं बी ऐकावं की." अशा वेळी ती एखादं पोर शाळेतून शाबासकी घेऊन आल्यासारखी दिसायची. मला हे नीट सांगता येत नाही. ती तहानलेली होती आणि खुश पण होती.

काकूंना मशीनवर थंडी वाजायची. दात वाजेपर्यंत. ब्लँकेट टाकूनही हात गार पडायचे. दोन कॉटमध्ये हातभर अंतर होतं. आई सुई नसलेला उजवा हात लांब करून त्यांचा हात धरायची आणि ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणायची. काकू डोळे मिटून पडायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझा देव माझं ऐकंल का गं? मी तर रेणुकाईची." आई म्हणाली, "मी सांगून राह्यले ना तुमचं. माझं तर ऐकतो."

मग पावसाळ्याच्या शेवटी सिस्टर म्हणाल्या, शनिवारची पाळी रिकामी झालीय, बाई, तुमचं नाव सगळ्यात आधी होतं. शनिवारच्या पाळीवर ज्या आजी यायच्या त्या आदल्या आठवड्यात वारल्या होत्या.

पप्पांना मी लगेच फोन लावला. आईला तिचा रविवार परत मिळणार होता. चर्च, चटई, शेजारीपाजारी बसलेल्या बायका, सगळं.

काकूंना त्या दिवशी थंडी जास्त होती. आई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने सिस्टरना सांगितलं, "दुसऱ्या कुनाला द्या. मी रविवारीच येते."

घरी पप्पा वैतागले. इतके महिने रविवारसाठी जीव टाकलास आणि आता तो मिळतोय तर नको? आई भाकरी थापत होती, बसून, दमत दमत. म्हणाली, "आक्का एकटी असती तिथं. आदी देव म्हनायचा, माझ्याजवळ बस. आता म्हनतो, तिच्याजवळ बस. मला दोन्ही गोड लागतं."

मी त्या दिवशी तिच्याबरोबर घरी आले होते, दारात उभी राहून ऐकत होते. तिने काय सोडलं हे मला माहीत होतं. ते ती कर्तव्य म्हणून, तोंड पाडून करत असती तर मला समजलं असतं. तिचा चेहरा तसा नव्हता. आज्ञा आणि आनंद एका जागी राहू शकतात हे मी उपदेशात खूपदा ऐकलेलं होतं. खरं वाटलं ते त्या चुलीपाशी.

आई नाताळापर्यंत राहिली नाही. एका शुक्रवारी सकाळी अंगणात उन्हाला बसली असताना तिची मान कलली. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. पोटॅशियम नावाचा क्षार डायलिसिसच्या माणसांच्या रक्तात अचानक वाढतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात, बहुतेक तसंच झालं असावं. शनिवारी मंडळीने तिला माती दिली. पप्पा कबरेच्या कडेला विटा रचत बसले. ओळंब्याची दोरी न लावता, नुसत्या हाताने. कुणी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घर माणसांनी भरलेलं होतं. मी पप्पांना सांगून पहिल्या जीपने सेंटरला निघाले. कुणी मला जा म्हटलं नव्हतं. तिथे आता माझं कुणी नव्हतं. बसमध्ये मी सारखी रडत होते आणि तरी उतरून मागे फिरावं असं एकदाही वाटलं नाही.

आईच्या कॉटवर नवीन माणूस होता. काकूंना सिस्टरकडून कळलं होतं. त्यांनी मला बघून तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने त्यांचे दात वाजायला लागले. मी स्टूल ओढून त्यांचा हात धरला. तो खूप गार होता.

"तुझी माय काहीतरी पुटपुटायची," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "ते म्हन."

मी कधीच कुणासमोर मोठ्याने प्रार्थना केलेली नव्हती. उपासप्रार्थनेच्या रात्री माझी पाळी आली की मी मान खाली घालून पुढच्याला खुणावायचे. आता पुढे कुणी नव्हतं. मी सुरुवात केली, अडखळले, पुन्हा सुरू केलं. काकूंचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून मी देवाला सांगितलं, या काकूंना ऊब दे. आईबद्दल आभार मानते, एवढंच म्हटलं आणि थांबले.

"झालं?"

"झालं, काकू."

"मंग बस आता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात सोडला नाही.

मशीन बंद होईपर्यंत मी बसून राहिले. त्यात मला कुठेही ओझं वाटलं नाही. दुःख होतं, खूप होतं, आणि त्याच्या शेजारीच काहीतरी गोडही होतं. तुमच्या वाट्याला असं बसणं आलं असेल, तर मी एवढंच सांगेन की त्या स्टुलावर देवही येऊन बसतो. निदान मला तरी तो तिथे भेटला, आणि त्याच्या हातात हजेरीचा कागद नव्हता.