दामल्यांचा शनी

सकाळी शेजारच्या दामल्यांनी मोबाइलवर शनीचा फोटो पाठवला. कडं इतकं स्वच्छ, की त्यातून सुतळी ओवावी. मी तो बोटांनी मोठा करून करून खोट शोधली, सापडली नाही. आमच्या दोघांच्या दुर्बिणी सारख्या, कॅमेरेही सारखेच. माझा शनी मात्र मसुरीच्या दाण्यासारखा येतो, तोही भिजलेल्या.

दामले टायमर लावून बटण दाबतात, हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरतात, आणि दुर्बिणीची थरथर थांबली की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. मला तेवढा धीर कुठला? माझं बोट बटणावरच.

मोठ्या वेधशाळांचे फोटो बघून माझ्या पोटात कधी दुखलं नाही. शनीचा उजेड एवढ्या लांबून येतो आणि दोन्ही गच्च्यांवर सारखाच पडतो; मत्सराला मात्र मधला कठडा पुरतो.

आज संध्याकाळी आम्ही दोघांनी दुर्बिणी मांडल्या आणि आभाळ गच्च भरून आलं.

"वाईट झालं हो," दामले कठड्यापलीकडून म्हणाले.

"फारच वाईट," मी म्हणालो, आणि हसू दिसू नये म्हणून दुर्बिणीचं झाकण शोधायला खाली वाकलो.