जायला सहा, यायला एक

आमचे सासरे बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर होते. गाडी कधी सुटते आणि कधी पोहोचते, एवढ्यातच त्यांचं जग मावायचं. पोहोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की प्रवास कळला, बाकी सगळ्या गप्पा. निवृत्त झाल्यावरही मला बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की दारात उभे राहून घड्याळ बघायचे. मी भाजीची पिशवी मुद्दाम आपटायचे.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, लग्न होऊन परदेशी गेली, त्याला तीन वर्षं झाली. ती दर रविवारी फोन करायची. "बाबा, या ना एकदा."

"सहा तास बसून माझे गुडघे राहतील का? तूच ये."

तिला रजा मिळत नव्हती. यंदाही जमत नाही म्हणाली, तेव्हापासून बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. फोन वाजला की बाबा आंघोळीला! महिनाभर हे नाटक चाललं. "वहिनी, बाबा का रागावलेत?" ती मला विचारायची. मी काय सांगणार, कपाळ!

शेवटी माझंच डोकं फिरलं. "पोर तिकडे रडते, बाबा. झालंय तरी काय?"

त्यांनी कपाट उघडलं. दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर डेपोच्या फलकासारख्या ठसठशीत अक्षरांत विमानाच्या वेळा. जाणारं दहाला सुटून चारला पोहोचतं, येणारं पाचला सुटून सहाला.

"यायला एक तास," बाबा म्हणाले. "तीन वर्षांत बापासाठी तिला एक तास निघत नाही?"

मला हसू आवरेना. "आणि जायला सहा कसे?"

"चढ असेल. घाटात नाही का, वर जाताना गाडी दमते."

मी फोनवर अंतर शोधून सांगितलं. सव्वीसशे किलोमीटर. अंतर म्हटल्यावर त्यांच्यातला कंट्रोलर जागा झाला. पेन्सिल घेऊन भागाकार केला. जाताना तासाला सव्वाचारशेच्या वर, येताना तासाला सव्वीसशे. पेन्सिल थांबली.

"एवढा फरक कुठल्याच घाटात पडत नाही," ते पुटपुटले.

मग मी सांगितलं, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तिथल्या वेळा तिथल्या घड्याळाच्या, इथल्या इथल्या. त्यांनी सहातून अडीच वजा केले, एकात अडीच मिळवले. दोन्हीकडे साडेतीन.

मला वाटलं, चला, मुलीवरचा राग गेला, सुटले एकदाची. पण ते खुर्चीत बसूनच राहिले. डोळे भरून आले होते.

"साडेतीन तास तर मी डेपोत लाकडी स्टुलावर बसायचो," ते म्हणाले. "न उठता."

इतकी वर्षं मी त्यांच्यावर धुसफुसत आले, पण त्या क्षणी मला त्यांची फार माया आली. मी चहा टाकला.

रविवारी बाबा सकाळीच आंघोळ, दाढी उरकून फोनजवळ बसले. पहिल्याच रिंगला उचलला.

"पासपोर्ट आला की दहाच्या विमानाने निघतो," ते म्हणाले. "तुझ्या घड्याळात चार वाजता बाहेर उभी राहा. उशीर करू नकोस."