मागची रुंद चाकं

लासूर स्टेशनातून मी निघाले त्या दिवशी बाजार होता, तरी अब्बांनी बियाण्याच्या दुकानाचं शटर ओढलं होतं. फलाटावर जो भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "पोरगी कोइमतूरला चालली. शर्यतीच्या गाड्या बनवायला." अम्मी खिडकीतून नानखटाईचा डबा देत एवढंच म्हणाली, "जा बेटा. खाना वक्त पे खा." गाडी हलली, आणि माझ्यापेक्षा मोठी झालेली माझी बातमी फलाटावरच राहिली.

कोइमतूरात दिवसभर इंग्रजी, कँटीनमध्ये मोडकं तमिळ. बोलताना "नक्को" निघालं की टीममधले हसायचे, म्हणून तेही गिळायला शिकले. पक्की झाली ती मापांची भाषा: टायरची रुंदी, त्याची उंची, रिमचा व्यास. शर्यतीच्या गाडीत टायर शेवटी निवडत नाहीत, आधी टायर ठरतो आणि त्याच्याभोवती गाडी आखतात, हे तिथं कळलं.

कळलं म्हणायचं. तिसऱ्या हंगामात गाडीचं गणित पहिल्यांदा माझ्या हाती आलं. वळणातून बाहेर पडताना आमची गाडी मागून घसरायची. मी मागचे टायर रुंद आणि उंच घेतले, पुढचे तेच ठेवले. आमचे सीनियर मुरली सर म्हणाले, गाडीचं नाक वळणार नाही. मी सिम्युलेशनचे आलेख दाखवले. शेवटी माझेच टायर बसले.

आणि शर्यत बघायला मी अब्बांना बोलावून घेतलं.

ते शेजारच्या बबनकाकांना घेऊन आले, दोघंही इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. काकांनी मागच्या चाकावर हात ठेवला. "भाई, ट्रॅक्टरचीच बसवली की पोरीनं!" अब्बा असे हसले की आजूबाजूचे मेकॅनिकही हसले.

पहिल्याच वळणावर ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ गेली. मागच्या रुंद टायरांची पकड इतकी, की पुढचे बिचारे रबर घासत बाहेर सरकत होते. चाकं उंच झाल्यानं गिअरचं गणितही बिघडलं होतं. सरळ रस्त्यावर सगळे आमच्या पुढं निघून जात होते. आम्ही सगळ्यांच्या मागं आलो. टीमचे मॅनेजर माझ्याकडे बोट करून ओरडले. अब्बांना इंग्रजी येत नाही, बोट मात्र कळलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"कायकू रोती? ड्रायव्हर सलामत है ना?" एवढंच म्हणाले. गाडी का वळली नाही, ते मी त्यांना रडत रडत सांगितलं, दोन्ही हातांनी चाकं दाखवत. स्टेशनवर सोडताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या ईदला मी घरी गेले नाही. सुट्टी नाही म्हणून कळवलं. सुट्टी होती. गावातले सगळे विचारतील आणि अब्बांना काहीतरी खोटं सांगावं लागेल, हे माझ्याच्यानं बघवलं नसतं. बकरीदला मात्र अम्मीनं फोनवर विचारलं, "आती ना?" आणि मी तिकीट काढलं.

दुकानात गर्दी होती. मी मागं पोत्यांच्या आडोशाला बसले. गंगापूरकडचा एक शेतकरी कपाशीचं बी घेता घेता म्हणाला, "भाई, पोरीच्या गाडीचं काय झालं? नंबर आला का?"

मी पोत्यांमागं आणखी खाली सरकले.

"हारली," अब्बा म्हणाले. "सगळ्यात मागं आली. मागची चाकं लई रुंद घेतली ना, तर पकड सगळी मागं. पुढचं तोंड वळंनाच." त्यांनी दोन्ही हातांनी चाकं दाखवली, मी दाखवली होती तशीच. आवाजात ना लाज, ना सारवासारव. भाव सांगावा तसं सांगत होते.

"मग आता?"

"आता पुढचीबी बदलणार हाय."

मी इतके महिने जी हार लपवत होते, ती त्यांनी बाजारभर उघड्यावर मांडली होती, आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. त्या वेळी मला हरल्याची लाज वाटली नाही. मी त्यांना खोटं बोलणारा माणूस समजले होते, त्याची वाटली. ती अजून गेलेली नाही.

आडोशातून उठून मी त्यांच्या शेजारी गल्ल्यापाशी जाऊन बसले. पुढच्या गिऱ्हाइकानंही गाडीचं विचारलं तेव्हा अब्बा माझ्याकडे बघून थांबले.

"हारले, काका," मी म्हणाले. अब्बांनी बियाण्याची पिशवी पुढं सरकवली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

लांब राहणाऱ्यांनो, तुमचं घर कुठलं ते तुम्ही ठरवा. माझं ते दुकान आहे. तिथं माझी हार सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी मला बसायला जागा असते.