दामाजीचा सात ओळींचा दगड

दामाजी खैरे आयुष्यात दारूचा थेंब प्यायला नाही, आणि ठाणे जिल्ह्यात त्याच्याइतकी दारू कुणी ओतलीही नसेल. आम्ही दोघं दारू पकडायच्या खात्यात. तो शिपाई, मी जीपचा ड्रायव्हर. भट्टी सापडली की हा पिंपं फोडायचा, पंचनामा लिहायचा, आणि साहेब जीपमध्ये जांभया देत बसले की आसपासचे दगड बघत फिरायचा. कुठे देवळाचा तुटका खांब, कुठे वीरगळ, सगळं वहीत. सातवी पास माणूस, पण दगडावरची जुनी अक्षरं लावायचा. माझी तर आमच्या साहेबांची सही वाचताना फे फे उडायची.

सत्याऐंशी साली शहाडच्या पलीकडे, नदीकाठी आवडाबाईच्या भट्टीवर छापा घातला. चुलीच्या तीन दगडांतला एक याला वेगळा दिसला. काजळी पुसली तर वर चंद्रसूर्य, खाली गाढव, मधे सात ओळी. गधेगाळ! म्हणजे राजाने दान दिलेली जमीन जो कुणी बळकावेल, त्याला दगडात कोरून दिलेली घाणेरडी शिवी. आणि त्या शिवीच्या डोक्यावर आवडाबाई खुशाल गूळ-नवसागर उकळत होती. दामाजी एवढा हरखला, तरी पंचनाम्यात नेहमीसारखं 'तीन दगड, गरम' लिहायला चुकला नाही. आवडाबाईच्या नवऱ्याला तीन महिन्यांची सजा झाली. पिंप जप्त झालं, दगड कोण उचलतोय, तो तिथेच राहिला.

मग याने ठाण्याच्या एका इतिहास मंडळाला कार्डं पाठवायला सुरुवात केली. सहा कार्डं गेली. शिपायाचं कार्ड, कोण उत्तर देणार? याला बाकी काही नको होतं. मंडळाच्या वार्षिक अंकात एक ओळ यावी, 'शोध : दामाजी खैरे', बस्स. मला दहा वेळा बोलून दाखवलेलं त्याने.

शेवटी मंडळाचे चिटणीस सीतारामपंत पावले. रिटायर्ड हेडमास्तर, बोलणं एकदम शुद्ध. त्यांनी रविवारची अभ्यास सहल काढली. जुने दगड बघायचे, आणि वाटेत जिथे परवान्याची ताडी मिळेल तिथे ती चाखायची, कारण पेय हासुद्धा लोकजीवनाचा दस्तऐवज आहे म्हणे. वा रे दस्तऐवज! वाटाड्या दामाजी. जिल्ह्यातले दगड आणि ताडीची दुकानं, दोन्ही पाठ असलेला दुसरा माणूस आणायचा कुठून? पंत म्हणाले, गाडीचं तुम्हीच बघा. दामाजीने सुट्टी घ्यायला लावून मला स्टीअरिंगवर बसवलं, आणि खात्याला नेहमी भाड्याने लागायची तीच मेटॅडोर ठरवली.

मी आदल्या दिवशी म्हटलं, "अरे, आवडाबाईला कळवून ठेव. नाहीतर बाई घाबरेल."

"मी आधी कळवत नाही," हा म्हणाला. "वीस वर्षांत एकदाही नाही कळवलं."

"अरे बाबा, हा छापा आहे का?"

"भट्टीवर जायचंय ना? मग नाही कळवायचं."

तत्त्व! घ्या आता.

सकाळी सातला ठाण्याहून नऊ जण निघालो. शीळफाट्याच्या पुढे पहिलं दुकान. दामाजीने आधी दुकानाचा परवाना तपासला, मग मंडळींना ग्लास दिले, मग मागचा वीरगळ दाखवला. पंतांनी तो आठशे वर्षांचा ठरवला. कल्याणला दुसरं दुकान, तिथला खांब हजार वर्षांचा निघाला. शहाडला तिसऱ्या ग्लासानंतर एक साधा मैलाचा दगड बाराशेवर जात होता, दामाजीने हात जोडून थांबवलं. तो स्वतः बाटलीतलं पाणी पीत होता आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होता, "खरी गोष्ट पुढे आहे."

पुढे आमची मेटॅडोर वस्तीत शिरली. आठ टोणगे पुरुष, पुढच्या सीटवर दामाजी. कुणीतरी शिट्टी मारली. आम्ही नदीवर पोचलो तर आवडाबाई शांतपणे भाजी निवडत बसलेली. भट्टी नाही, पिंप नाही, राखसुद्धा नाही. जमिनीत ओले तीन खड्डे.

"बाई, दगड कुठाय?" दामाजीचा आवाज चिरकला.

"कंचा दगर, साएब? हितं चूलच नव्हती कदी."

अहो, 'तीन दगड, गरम' याच्यावर नवरा आत गेलेला. ती दगड ठेवेल होय? छाप्याची गाडी बघितल्याबरोबर तिन्ही दगड डोहात.

पंतांनी घड्याळ बघितलं. "दामाजी, आपण परत फिरायचं का?" म्हणत ते मंडळींना घेऊन गाडीकडे वळले.

दामाजी त्या बाईपुढे चक्क गुडघ्यावर बसला. "बाई, केस नाही करणार. आईची शपथ. दगड तेवढा काढून द्या."

"लिवून द्या," आवडाबाई म्हणाली.

मी म्हटलं, दामाजी, नको. वीस वर्षांत ज्याने एक खोटी ओळ लिहिली नाही, त्याने खात्याच्या वहीतलं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, 'आज जागेची समक्ष पाहणी केली. भट्टी, चूल अथवा कोणताही दगड येथे आढळला नाही, पूर्वीही नसावा.' खाली सही, तारीख. 'पूर्वीही' हे आवडाबाईने दुसऱ्याकडून वाचून घेऊन वाढवायला लावलेलं.

वस्तीतल्या चार गड्यांनी बुड्या मारल्या. अर्ध्या तासात दगड काठावर आला. पाण्याने काजळी धुतलेली, अक्षरं लख्ख. दामाजी रडत होता आणि पंत त्याच्या पाठीवर थाप मारत होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

अंक यायला वर्ष गेलं. पंत प्रामाणिक माणूस, छापण्याआधी जागेची खात्री करायला स्वतः आवडाबाईकडे गेले. तिने डब्यातून कागद काढून दाखवला. सरकारी माणसाची सही, तारीख, सगळं. पंत काय करणार? छापून आलं, 'मूळ ठिकाण अज्ञात, नदीपात्रात सापडला. शोध : मंडळाची अभ्यास सहल.' दगड मंडळाच्या वाचनालयाच्या ओसरीवर उभा केला, शेजारी त्या सात ओळींच्या वाचनाची पाटी.

माझं डोकंच फिरलं. दामाजीला घेऊन ठाण्याला गेलो, म्हटलं पंतांना चांगलं खडसावतो. हा तडक दगडापाशी. बोट ठेवून पाटीवरच्या सातही ओळी दगडाशी लावून बघितल्या. मी ओरडलो, "अरे, जा ना आत! सांग ना त्यांना, भट्टीवर तुलाच सापडला म्हणून!"

"आणि कागदावरची सही कुणाची म्हणून सांगू?"

मग पुन्हा पाटीकडे वळला.

"महिपत, यांनी बरोबर लावलंय रे. पाचव्या ओळीत मी चुकलेलो." त्याने खिशातली वही काढली, ओसरीच्या पायरीवर बसला आणि आपली पाचवी ओळ खोडून नीट लिहायला लागला.