नकाशात नसलेला आड

इंजिनियरनं मला फसवलं. आधी त्यानं माझा आड नकाशातून गाळला, मग जमिनीतून. दोन्ही वेळा मला न विचारता. गावात कोणी वेगळं सांगत असेल, तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं.

जागा धारूरच्या बाजारतळामागं आहे. तिथं माझ्या थंड पेयांच्या एजन्सीचं गोदाम आणि वर राहायला घर उठायचं आहे. लोकांना वाटतं मी ती गोदामासाठी घेतली. नाही. मी ती आडासाठी घेतली.

तरुणपणी माझ्याजवळ एक हातगाडी होती, तीही दुसऱ्याची. बाजारच्या दिवशी मी लिंबू सरबत विकायचो. सरबतवाले आणखी होते, त्यांच्या गाडीवर बर्फाची लादी असायची. माझी बर्फाची ऐपत नव्हती, पण मला मावशीचा आड होता. मावशी म्हणजे त्या जागेची मालकीण. एकटी बाई, पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीन चालवायची, सगळा बाजार तिला मावशीच म्हणायचा. आड अरुंद, काळ्या दगडात बांधलेला. पाणी असं गार की चैत्रातसुद्धा पहिल्या घोटाला दात शिवशिवायचे. सकाळी मी पाणी शेंदायचो, माठाला ओलं पोतं गुंडाळायचो, सब्जा भिजत घालायचो. डोंगराकडून येणाऱ्या बायका डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधी विचारायच्या, "आडाचं हाय ना रे?" मग बर्फवाले माझ्याकडं बघत बसायचे. ते बघणं अजून आठवतं. पुढं गोदामं भरली, गाड्या आल्या, पण तसं सुख परत काही झालं नाही.

पाण्याचं काय घेणार, म्हणून मी मावशीशी भाव करायला गेलो होतो. ती मशीनवरचा पाय न थांबवता हसली.

"पाण्याचा भाव करतोस व्हय रे? पैसे नगं. बाजारच्या दिवशी पयला गिलास आडाच्या काठावर ठिवायचा. जो कुणी दोर धरून उभा आसंल, त्येचा."

आयुष्यात पहिल्यांदाच मी एक सौदा घासाघीस न करता मान्य केला, आणि कधी चुकवला नाही. काठावर कधी हमाल असायचा, कधी पाण्याला आलेली सासुरवाशीण. ती लाजायची, इकडंतिकडं बघायची आणि एका दमात गिलास रिकामा करायची.

पण पहिल्या गिलासाचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे हाच इंजिनियर. तेव्हा तो बीडला पॉलिटेक्निकला होता, सुटीत गावी यायचा. घरी नळ होता, तरी सकाळीच दोर धरून हजर. बादली मात्र कोरडी.

"पाणी शेंदायला आलास का सरबत प्यायला बे?"

"पयलं सरबत, मग पाणी, मामा. रिकाम्या पोटी दोर वढत न्हाई."

मावशी खिडकीतून ओरडायची, "पिऊ दे त्येला. शिकून मोठा हुईल, तुझंच घर बांधील."

पुढं मावशीचे गुडघे गेले. चकलांब्याला तिची लेक असते, ती न्यायला आली. जागा घ्यायला मोठमोठे लोक तयार होते. मावशीनं मला बोलावलं. मी घासाघीस करायच्या तयारीनंच गेलो होतो, पण तिनं आकड्याचं बोलूच दिलं नाही. "आड बुजवायचा न्हाई. येवढं बोल, जागा तुझी." मी बोललो.

बांधकाम परवान्याचं काम इंजिनियरशिवाय पुढं सरकत नाही. नकाशा त्याचा लागतो, सही त्याची लागते, पालिकेत कोणत्या टेबलावर काय विचारतात ते त्याला माहीत असतं. मी मुद्दाम ह्यालाच धरलं. म्हटलं, त्या आडाचं पाणी प्यालेला माणूस आहे. त्याची फी मी पाडून घेतली, हे तो आजही चारचौघांत सांगतो. पाडणारच. मी भाव केल्याशिवाय देवाला नारळ घेत नाही. पण फी कमी दिली की नकाशात आड कमी मिळतो, हे त्यानं तेव्हा सांगितलं नव्हतं.

परवाना झटक्यात आला. मी पेढे वाटले, पहिला ह्याच्याच तोंडात घातला.

पाया भरून जोतं वर आलं. त्यावर भिंती चढवायच्या आधी पालिकेचा माणूस जागा आणि नकाशा ताडून बघतो. ती तपासणी जवळ आली होती. मधे अंगारकी आली, म्हणून मी बायकोला घेऊन लिंबागणेशला दर्शनाला गेलो. घराला विघ्न येऊ नये, हेच मागायला. परत आलो तर अंगणात टिपरच्या चाकांचे वण, आणि आडाच्या जागी मुरमाचा ढीग. ढिगातून एक पाईप उभा वर आलेला.

मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला.

"मला वाटलं तुमाला ठाव हाय, मालक. सायबाचा फोन आलता. नकाशात आड न्हाई, जाग्यावर दिसला तर काम थांबंल म्हणले. टिपर बी त्येंनीच धाडले."

"आन् ह्यो पाईप?"

"जिता आड गच्च बुजवत न्हाईत, मालक. दम घ्यायला तळापातूर वाट ठिवावी लागती. सायेब नगं म्हणत व्हते, मी आयकलं न्हाई."

मी तसाच इंजिनियरच्या ऑफिसात गेलो.

"आड कुठंय बे?"

"मामा, बसा आदी. च्या सांगतो."

"च्या तूच पी. आड कुठंय?"

"आड दाखवला आसता तर संडासाची टाकी त्येच्यापून लांब न्यावी लागली आसती. गोदाम आखडलं आसतं, फाईल अडकली आसती. तुमीच म्हणलेलात, काय बी कर पण दिवाळीच्या आत परवाना आण."

"काय बी कर म्हणलं व्हतं. आड गिळ म्हणलं न्हवतं."

"कावून एवढं तापता, मामा? आता आडाचं पाणी पितंय कोण? तुमीच तर गावाला बाटल्या पाजता."

त्याच्या ऑफिसातले लोक हसले. मी खुर्ची ढकलली ती भिंतीवर आपटली. मग विचारलं, नकाशा सुधारता येतो का? येतो म्हणाला. पण परत मंजुरी, परत फी, मुरूम उपसायचा खर्च वेगळा, आणि गोदाम लहान. म्हटलं, गोदाम लहान कर. बाटल्या उन्हात उभ्या राहतील. खर्च मात्र तुझा, फी पण तुझी. तो म्हणाला, "बघू."

आठवड्यानं मावशीचा फोन आला. "घर कुठवर आलं रे? आडाला पाणी हाय का?" मी म्हणालो, "मावशी, आवाज येत न्हाई," आणि फोन ठेवला. तिचा आवाज स्वच्छ येत होता.

तेव्हापासून काम मी बंद ठेवलं आहे. संध्याकाळी जातो, पाईपमधून खडा सोडतो आणि कान लावतो. बऱ्याच वेळानं खालून बारीक आवाज येतो. पाणी आहे अजून.

वास्तुशांत जेव्हा होईल तेव्हा चकलांब्याला गाडी धाडून मावशीला आणणार आहे. ती घर बघणार नाही, आधी आडाकडं जाईल. तोवर, इंजिनियर, मुरूम उपसून, आड नकाशात काढून, नवी मंजुरी तुझ्या खर्चानं आण. नाहीतर त्या दिवशी मी तुला तिच्यासमोर त्या ढिगावर उभा करीन. पहिला गिलास तू प्यायचास. आता मावशीला पहिलं उत्तरही तूच द्यायचं, इंजिनियर. आड कुठंय?