रांगेची तालीम

बेदाण्याच्या शेडवर हात कामात आणि तोंडं रिकामी, त्यामुळं किस्से साठतात. आमच्या तासगावच्या शेडवर तर मागच्या हंगामात एवढे साठले, की निवडायला बसणारी शांताक्का म्हणते, "वैनी, बेदाणा संपंल, पन ह्ये न्हाई संपायचं!" सगळे एकाच सहलीचे. आणि ती सहल माझ्या जुईची.

जुई नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते, पण दिवसाला चार-पाच शब्द, तेही तिच्या मनात आलं तर. गर्दी-गोंगाट झाला की कान दाबून खाली बसते, मग आम्ही गपचूप घरी. म्हसवडच्या जत्रेतून रथ न बघता परतलो, विट्याच्या लग्नातून अक्षता पडायच्या आत. माझी हौस एकच होती. बाकीची पोरं जातात त्या मोठ्या पाळण्याच्या पार्कात लेकीला न्यावं, आणि दिवस मावळेपर्यंत थांबावं. बास!

*

हे ऐकून आमचे आबा सरळ होऊन बसले. आबा म्हणजे माझे सासरे, रिटायर्ड सुभेदार.

"रेकी केल्याबिगर पलटन हालत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटेच गेले, पार पुण्याच्या पुढं! आले ते वही भरून. गेटवर बँड वाजतो, डावीकडनं जायचं. बाथरूममधलं हात वाळवायचं मशीन बोंबलतं, टॉवेल न्यायचा. कारंज्यामागं बाक आहे, तिथं कुणी फिरकत नाही. शिवाय प्रत्येक जागेचा फोटो.

"आणि पाळण्यात बसला का, आबा?"

"ड्यूटी हुती. बसावं लागलं."

"कसं वाटलं?"

आबांनी वही मिटली. "दोनदा बसलो."

*

कानांसाठी हेडफोन मागवले, मोठे, लालभडक. जुई हात लावेना. सांगलीच्या थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "दुसरं कुणी घालून वावरा, तिला नुसतं बघू दे." म्हणून शांताक्कानं घातले. दिवसभर बेदाणा निवडत बसली, चेहऱ्यावर कमालीची शांती.

मी खुणेनं विचारलं, टोचत नाहीत ना?

"लय ब्येस हाय! मुकादम सकाळधरनं वरडतोय, मी आपली त्येच्याकडं बघून हसतीया!"

तिसऱ्या दिवशी जुईनं ते शांताक्काच्या डोक्यावरून अलगद काढले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. शांताक्का मात्र हेडफोन गेले म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

*

दुपारी जुई जाळ्यांखाली चटईवर पडायची. वर थरावर थर वाळणारी द्राक्षं, हिरव्या नेटमधून गाळून आलेलं ऊन, सगळीकडं गोड वास. मी शेजारी पडून आबांचे फोटो दाखवायची. "आधी गाडी. मग गेट. मग रांग. मग पाळणा. मग वर... वर..."

एकदा वारं सुटलं, जाळ्या हलायला लागल्या, आणि ती वर बघत गुणगुणायला लागली. माझ्या पापण्या जड झाल्या. वाटलं, अख्खी शेडच आम्हा दोघींना घेऊन वर निघालीय. खाली बागा, रस्त्यावरचे ट्रॅक्टर, सगळं बारीक बारीक होत गेलं. आवाज नाही, घाई नाही. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, आणि मी पडू नये म्हणून चटई घट्ट धरली!

*

मॅडमनी बजावलं होतं, "पाळणा अवघड नाही, थांबणं अवघड. रांगेची सवय करा."

झालं! आबांनी क्रेट मांडले, सुतळीनं नागमोडी वाट आखली. रोज चार वाजता निवडणाऱ्या सगळ्या बायका रांगेत, मधे जुई. शांताक्का मुद्दाम घुसायची. आबा खवळले, तर म्हणाली, "आवं आबा, तितं बी घुसत्यातच की! सवय नगो व्हय?"

पहिल्या दिवशी जुई मिनिटभर टिकली, महिन्यानं अर्धा तास. रांगेच्या टोकाला पाळणा तर नव्हता. म्हणून आबा तिथं उभे राहून प्रत्येकीच्या हातावर बेदाणे ठेवायचे. ते खायचे आणि परत मागं जाऊन उभं राहायचं.

यातली चूक महिनाभर एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही!

*

पार्कात जुई रांगेत उभी राहिली. हेडफोन लावून, शांत. नंबर आला. टोपीवाल्या ऑपरेटर दादांनी पाळण्याचं दार उघडलं, आणि जुईनं त्यांच्यापुढं हात पसरला!

दादा तिच्या हाताकडं बघतायत, ती दादांकडं. मागून आरडाओरडा सुरू. तिचे खांदे वर जायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं, फिरवा गाडी.

तेवढ्यात आबा सुतळीखालून, आपलं, दोरीखालून आत घुसले आणि खिशातली पुडी दादांच्या हातात दिली. "ही तुमची ड्यूटी. चार-चार द्या."

दादांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा पोरीकडं. चार बेदाणे तिच्या हातावर ठेवले आणि ओरडले, "नेक्स्ट!"

जुई हसली, खाल्ले, आणि थेट रांगेच्या शेवटी! पुढच्या खेपेला तिच्या मागची चार पोरंही हात पसरून उभी.

मला राहवेना. "आबा, इतक्या लांब येऊन पाळण्यात बसायचंच नाही?"

"पोरी, तू हितं तिच्यासाटी आलीयास का पाळन्यासाटी?"

संध्याकाळी पाळण्याचे दिवे लागले. जुई रांगेतच मान वर करून बघत होती, शेडमध्ये बघायची तशी, आणि गुणगुणत होती. शेवटी वॉचमन आला, "चला, बंद झालं." सगळ्यांत शेवटी आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर मी पदर तोंडात धरून रडले.

*

दुसऱ्या दिवशी शेडवर बायकांनी घेरलं. "जुई, काय काय बगितलंस गं?"

जुईनं एकेकीचा हात धरून रांगेत उभं केलं. मग टोकाला गेली, नेहमीच्या जागी उभ्या असलेल्या आबांचा हात धरला आणि त्यांना सगळ्यांच्या मागं नेऊन ठेवलं. स्वतः त्यांच्या जागी उभी राहिली.

शांताक्का घुसली नाही. रांग हळूहळू सरकली. माझा नंबर आला. जुईनं माझा हात उघडला, मोजून चार बेदाणे ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नेक्स्ट!"

मी परत मागं जाऊन उभी राहिले.